लक्ष्मीबाई टिळक : घरात सुटलेला मीपणा

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी संतांची चरित्रे सांगावीत, असा आपला रिवाज आहे. या खेपेस आम्ही एका गृहिणीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. लक्ष्मीबाई टिळक आपल्या कॅथलिक मंडळीतल्या नव्हत्या. पण ज्या प्रभूला आपण भजतो, त्याच्याच पायांशी त्यांचा संसार विसावला. शिवाय आपल्या मुळशी पेट्याने १९२१ पासूनच्या सत्याग्रहानंतरही धरणाच्या पाण्यात गावे बुडताना पाहिली आहेत. घर भिंतींनी नव्हे, माणसांनी उभे राहते, हे येथे निराळे सांगावयास नको. लक्ष्मीबाईंचे घरही एकदा मोडले आणि पुन्हा उभे राहिले.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक प्रतिभावान कवी. परंतु स्वभाव लहरी, राग शीघ्र. न सांगता घर सोडून जावे, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकावा, आणि घरची चूल कशी पेटते याची विचारपूसही करू नये, असा त्यांचा क्रम. परक्यांसाठी उदार असलेला पुरुष घरात आपल्याच मनाचा धनी असू शकतो, हे सत्य आम्हांस येथे दिसते.

१८९३ च्या सुमारास आगगाडीत एका प्रवाशाने टिळकांस बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. पतीने आपल्यास टाकले हे दुःख आणि आपले सोवळे सुटू नये हा निश्चय, दोन्ही त्यांनी उराशी धरली.

पुढे त्या पतीकडे परतल्या, त्या स्वतःचे सोवळे व स्वयंपाक निराळा ठेवूनच. येथे टिळकांची खरी कसोटी लागली. नवीन श्रद्धा पत्नीवर लादणे त्यांस अवघड नव्हते. पण त्यांनी तसे केले नाही. ज्या पुरुषास क्षणाचा धीर नव्हता, तो पत्नीचे मन वळेपर्यंत थांबावयास शिकला. इकडे लक्ष्मीबाईही विचार करू लागल्या. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. आपण इतरांहून शुद्ध आहो, ही भावना गेली, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांच्या घरी पोरक्या मुलांस आसरा मिळाला. कवी बालकवी ठोमरे हेही त्या घरात मुलासारखे राहिले, आणि त्यांनी धर्म बदलावा अशी अट कोणी घातली नाही. एके काळी दुसऱ्याच्या सावलीस जपणाऱ्या बाईंच्या पंक्तीस आता सर्वांना जागा होती.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. शाळेत न गेलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत त्यांनी पतीचे दोष लपविले नाहीत, आणि स्वतःची फजितीही हसत सांगितली. स्वतःकडे असे हसून पाहणे ज्यास साधले, त्याचा अहंकार गळून पडला, असे आम्ही समजतो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या प्रभूघरी गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून निघाले.

या दोघांस मीपणाचा त्याग कोणा मठात शिकावा लागला नाही. एकाने थांबावयास शिकावे, दुसऱ्याने पंक्ती मोठी करावी, एवढ्याने त्यांचे घर पुन्हा उभे राहिले. आमच्या धर्मग्रामातील ज्या घरांत आज अबोला असेल, तेथे या महोत्सवाच्या वर्षी आधी कोणी बोलावे याचा वाद न होवो, आणि पवित्र कुटुंबाची कृपा त्या उंबरठ्यावर राहो, हीच आमची प्रार्थना.