सातपुड्याचे खाज्या नाईक

धुळ्याहून आग्र्याकडे जाणारी सडक शिरपूर ओलांडून उत्तरेस गेली म्हणजे सातपुड्याच्या डोंगरांत शिरते. पळासनेरच्या पुढे बिजासनीचा घाट लागतो व घाटापलीकडे सेंधवा हे गाव येते. सांप्रत त्या वाटेने मालमोटारींची रांग अहोरात्र चालू असते. पूर्वी या घाटाची राखण भिल्ल नाईकांकडे असे. त्यांपैकी खाज्या नाईक यांचे नाव डोंगरातील पाड्यांवर अद्याप घेतले जाते. परंतु त्यांचे चरित्र काय, त्यांनी शस्त्र का उचलले व त्यांचा शेवट कसा झाला, हे सपाटीवरील फारच थोड्या लोकांस ठाऊक आहे. म्हणून तो वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहे.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला. त्यापूर्वीच्या लढायांनी आणि दुष्काळाने हा मुलूख उजाड झाला होता. डोंगराच्या वाटा राखाव्यात व त्याबद्दल गावांकडून आणि वाटसरूंकडून ठरलेला हक्क घ्यावा, अशी भिल्ल नाईकांची जुनी वहिवाट होती. नव्या सरकारने प्रथम बंदुकीच्या जोरावर त्यांस दाबून पाहिले. ते साधले नाही. तेव्हा १८२५ साली औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. जे नाईक शांततेने राहतील त्यांस पगार व घाटाची राखण द्यावी, असे धोरण ठरले.

या व्यवस्थेत सेंधवा घाटाची राखण गुमान नाईक यांच्याकडे होती. त्यांचे पुत्र खाज्या नाईक. पित्याच्या मागे १८३१ च्या सुमारास हे काम पुत्राकडे आले व सुमारे वीस वर्षे त्यांनी ते चोख केले. या घाटाचे महत्त्व मोठे होते. मुंबईहून इंदूर व आग्र्याकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे, सरकारी टपाल आणि खजिन्याच्या गाड्या याच वाटेने जात. पुढे तारायंत्राची तारही याच मार्गाने गेली. एवढा सगळा भार भिल्ल चौकीदारांच्या तीरकमठ्यावर होता, हे ध्यानात घ्यावे.

नंतर त्यांच्या हातून एक मोठा अपराध घडला. चोरीच्या संशयावरून धरलेल्या एका माणसास त्यांनी मारहाण केली व तो मनुष्य मरण पावला. ही गोष्ट लपवून त्यांचे चरित्र सांगणे योग्य होणार नाही. तो माणूसही कोणाचा तरी पुत्र होता. सुमारे १८५० साली नाईकांस दहा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनंतर त्यांची सुटका झाली. पुढे बंडाच्या दिवसांत सरकारला घाटाची चिंता वाटू लागली, तेव्हा त्याच हातांची पुन्हा गरज पडली व त्यांस पूर्वीच्या जागी नेमण्यात आले. परंतु एकदा तुटलेला विश्वास पगाराने सांधला जात नाही. सरकारचा त्यांच्यावरील संशय गेला नव्हता व त्यांचाही सरकारवरील भरवसा उरला नव्हता.

१८५७ च्या पावसाळ्यानंतर खाज्या नाईकांनी नोकरी सोडली. भीमा नाईक व इतर नाईक त्यांस मिळाले आणि शेकडो भिल्ल त्यांच्याभोवती जमा झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात इंदूरहून मुंबईकडे जाणारा सरकारी खजिना सेंधवा घाटाजवळ अडवून लुटण्यात आला. ती रक्कम सुमारे सात लाख रुपये होती. ज्यांनी वीस वर्षे त्या घाटात इतरांचे धन राखले, त्यांनीच तेथे सरकारचे धन घेतले. उत्तर हिंदुस्थानात मोठी युद्धे चालू असता या डोंगरी लोकांनी मुंबई व आग्रा यांमधील वाट धोक्यात आणली, ही गोष्ट लहान नव्हे.

सरकारने त्यांच्यावर फौज पाठविली. ११ एप्रिल १८५८ या दिवशी अंबापाणीच्या डोंगरात मोठी चकमक झाली. भिल्लांनी खडकांच्या आडोशाने दिवसभर झुंज दिली. इंग्रज अधिकारीही जखमी झाले. अखेरीस तीरकमठे व तोड्याच्या बंदुका कवायती फौजेपुढे कमी पडल्या. अनेक भिल्ल रणात पडले. खाज्या नाईकांचा पुत्रही त्याच दिवशी पडला. जे जिवंत सापडले त्यांपैकी पुष्कळांची तेथल्या तेथे लष्करी चौकशी होऊन त्यांस गोळ्या घातल्या गेल्या. सुमारे ४०० स्त्रिया धरल्या गेल्या. आपल्या पतींनी व पुत्रांनी शरण यावे म्हणून त्या स्त्रियांना अडकवून ठेवण्यात आले. त्यांपैकी एकीचेही नाव आपणांस कोणी शिकविले नाही.

खाज्या नाईक त्या दिवशी निसटले व पुढे दोन वर्षे डोंगरात राहिले. १८६० साली विश्वासघाताने त्यांचा वध झाला. भीमा नाईक १८६७ मध्ये पकडले गेले. त्यांस काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानात पाठविण्यात आले व तेथेच त्यांचा अंत झाला.

आता कोणी विचारील की, हा पराभवाचा वृत्तांत सांगून लाभ काय? याचे उत्तर देण्यासाठी क्षणभर दूर अमेरिकेकडे पाहू. ज्या १८३१ सालाच्या सुमारास खाज्या नाईकांनी घाटाची राखण हाती घेतली, त्याच साली ऑगस्ट महिन्यात व्हर्जिनिया प्रांतात नॅट टर्नर नामक एका गुलामाने बंड केले. तो वाचावयास शिकला होता व आपल्या बांधवांत उपदेश करीत असे. त्या बंडात स्त्रिया व मुलेही मारली गेली, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. आणि त्याचा सूड म्हणून ज्यांचा बंडाशी काडीचाही संबंध नव्हता असे अनेक काळे लोक मारले गेले. टर्नरला नोव्हेंबरात फाशी झाली. त्यापूर्वी १८११ साली लुईझियानात शेकडो गुलाम न्यू ऑर्लिन्स शहराकडे चाल करून निघाले होते, आणि १८२२ साली चार्ल्सटन शहरात डेन्मार्क व्हेसी व त्याचे सोबती बंडाच्या बेताच्या आरोपावरून फासावर गेले.

या सर्व बंडांस अपयश आले व पुष्कळ काळ ती विस्मृतीत पडली. ती विसरणे मालकांच्या सोयीचे होते. कारण गुलाम आपल्या स्थितीत सुखी आहेत असे त्यांस जगाला सांगावयाचे होते. प्रत्येक बंड त्या सांगण्यास खोटे ठरवीत असे. १८३१ नंतर व्हर्जिनियात गुलामांच्या प्रार्थनासभांवर व शिक्षणावर कडक निर्बंध घातले गेले, यावरून अक्षराची केवढी भीती होती हे दिसते. अखेर १८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ त्या कामी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला, तो या नात्याची जाणीव ठेवूनच.

खानदेशातील भिल्ल बाजारात विकले जाणारे गुलाम नव्हते, हे खरे. तथापि कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या एकाच मालकाच्या शेतावर सालदार म्हणून राबणे, जमीन सावकाराच्या घरी जाणे, मुलाच्या लग्नाच्या कर्जासाठी मुलानेच पुढे राबणे, हे आपल्या जिल्ह्यांत ज्यांनी पाहिले त्यांस गुलामगिरी या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा १८५७ नंतर पुरी ११९ वर्षे उलटल्यावर, म्हणजे १९७६ साली झाला.

खाज्या नाईक निर्दोष होते असे मी म्हणत नाही. रागाच्या भरात उगारलेल्या हाताने त्यांनी एक जीव घेतला, व लुटीच्या वाटेवर गरीब वाटसरूंसही त्रास होतो. परंतु सरकारी दप्तरात त्यांच्या नावापुढे केवळ दरवडेखोर हा शब्द लिहिला गेला, आणि ते दप्तर लिहिणारे लोक त्यांना पकडू पाहणारेच होते. ज्याचा न्याय करावयाचा त्याची बाजू न ऐकता दिलेला निकाल पुरा नसतो. नाईकांनी स्वहस्ते लिहिलेली एक ओळही आपल्यापुढे नाही.

म्हणून पाड्यांवर शिकविणाऱ्या बांधवांस एक विनंती आहे. तुमच्या गावी जे वृद्ध आहेत, त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी बसून ऐका. कोणत्या डोंगरात कोण लपले, कोणत्या ओढ्याकाठी कोण पडले, कोणत्या आजीला धरून नेले, हे वहीत उतरून ठेवा. ऐकले तसे लिहा, पदरचे घालू नका. ज्यांस अक्षर मिळाले त्यांच्यावर, ज्यांस मिळाले नाही त्यांचे हे ऋण आहे. अंबापाणीच्या त्या ४०० स्त्रियांपैकी एकीचे जरी नाव अशा रीतीने परत मिळाले, तरी त्या वहीचे सार्थक झाले असे मी समजेन.