कै. खाशाबा जाधव : बळ आणि विश्रांती

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या पुष्कळ कुटुंबांस कऱ्हाडची वाट ठाऊक आहे. त्या कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांच्याच नजरेखाली मुलाने आखाड्याची माती अंगास लावली. बांधा लहान, परंतु चपळाई विलक्षण.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबांचा सहावा क्रमांक आला. पुढील सामने १९५२ साली हेलसिंकी येथे होते. परंतु जाण्यास द्रव्य नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले.

हेलसिंकी येथे जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली व तीत ते हरले. लगेच त्यांस सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी लढावे लागले. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण तो हक्क मागावयास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ही कुस्तीही हरले.

त्या अर्ध्या तासाचे मोल किती, हे स्नायूंची रचना पाहिली म्हणजे कळते. स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या होत. प्रत्येक तंतूच्या पोटात जाड व पातळ असे दोन जातींचे धागे असतात. मज्जातंतूचा इशारा पोहोचताच जाड धाग्यांची लहान लहान टोके पातळ धाग्यांस धरून ओढतात व धागे एकमेकांवरून सरकतात. त्यामुळे स्नायू आखडतो. हा शोध १९५४ साली, म्हणजे त्या कुस्तीनंतर दोनच वर्षांनी, प्रसिद्ध झाला. स्नायूस ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून कोयता उचलताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो व मागचा सैल पडतो, आणि हात सरळ करताना याच्या उलट घडते. आश्चर्य हे की, धरलेला धागा सोडण्यासही शक्ती खर्चावी लागते. मृत देह ताठतो तो ही शक्ती संपल्यामुळेच. थकलेला स्नायू जोराने आखडत नाही, व लवकर सैलही पडत नाही. मग डाव सुचला तरी अंग साथ देत नाही.

तरीही खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशास १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. गावी परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु खाशाबा सत्कारात रमले नाहीत. कुस्त्या खेळून पैसा मिळवून त्यांनी गुरुवर्यांचे घर सोडविले. १९५५ साली ते पोलीस खात्यात गेले, व १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मुलांनो, गुरूचे ऋण फेडण्याचा धडा या चरित्रात आहेच. आम्हांस आणखी एक धडा दिसतो. दिवसभर मोळ्या वाहून आलेले आईबाप घटकाभर आडवे होतात, तेव्हा त्यास आळस समजू नका. ती त्यांच्या स्नायूंची गरज आहे. आणि ज्यास आपला हक्क मागता येत नाही, त्याच्या वतीने तो मागावयास आपण हजर असावे.