पोलॉक यांचे अपुरे कार्य

तामलवाडीच्या शेतकऱ्याने करार केला तर १८७२ चा, जमीन विकली तर १८८२ चा कायदा हाताशी असतो; शेजाऱ्याच्या हलगर्जीपणाने नुकसान झाले तर मात्र जुने निवाडे धुंडाळावे लागतात.

ही उणीव सर फ्रेडरिक पोलॉक (१८४५-१९३७) यांनी ओळखली होती. फ्रान्सने करार, मालमत्ता व भरपाई १८०४ मध्येच एका संहितेत गुंफली. इंग्लंड निवाड्यांवर विसंबले. ऑक्सफर्डच्या या विधिपंडिताने मात्र हिंदुस्थान सरकारसाठी १८८६ मध्ये दिवाणी अपकृत्यांचे विधेयक रचले. ते बासनातच राहिले. मुंबईच्या दिनशा मुल्लांच्या साह्याने १९०५ मध्ये त्यांनी सिद्ध केलेला करार कायद्यावरील भाष्यग्रंथ आजही वकिलांच्या हाती आहे. त्यांचे अपुरे कार्य संसदेने आता तडीस न्यावे.