चाई पडलेला कुबेर

गेल्या दिवाळीच्या सुटीत भोपाळला मावशीकडे गेलो, तेव्हा माझा मावसभाऊ घरातही टोपी घालून वावरत होता. आठवड्याभरात त्याच्या डोक्यावर रुपयाएवढे तीन गुळगुळीत चट्टे पडले होते. शेजारच्या काकूंच्या मते रात्री किड्याने केस खाल्ले होते. मावशी रोज कांद्याचा रस चोळत होती आणि चिरंजीवांनी कॉलेजला जाणे बंद केले होते. अखेर त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तपासून ही चाई आहे असे सांगितले. त्याची समजूत काढताना ते सहज म्हणून गेले की, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसालाही हीच व्याधी होती. तो माणूस म्हणजे जॉन डी. रॉकफेलर. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव मक्तेदारीच्या प्रकरणात भेटते. त्याच्या टकलाविषयी मात्र पाठ्यपुस्तकात अक्षर नाही.

रॉकफेलरचा जन्म ८ जुलै १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रिचफर्ड या खेड्यात झाला. आई कमालीची धर्मनिष्ठ होती. वडील मात्र गावोगाव फिरून कर्करोग बरा करण्याची औषधे विकणारे भोंदू वैद्य होते आणि पुढे तर त्यांनी खोट्या नावाने दुसरा संसारही थाटला. मुलाने क्लीव्हलंडच्या एका व्यापारी विद्यालयात काही महिने जमाखर्च शिकून घेतला आणि २६ सप्टेंबर १८५५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, हेविट अँड टटल या पेढीत मदतनीस कारकुनाची नोकरी मिळवली. पहिल्या तीन महिन्यांचे वेतन पन्नास डॉलर. त्या दिवसापासून त्याने स्वतःची एक वही ठेवली. तिच्यात पै न् पैचा खर्च आणि चर्चला दिलेले दान, दोन्ही लिहिलेले असे. नोकरी लागल्याचा तो दिवस तो जन्मभर सणासारखा साजरा करी. आमच्यापैकी किती जण रोजचा खर्च लिहितात, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारून पाहिला आणि सोडून दिला.

पुढची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. १८६३ मध्ये तेलशुद्धीचा धंदा, १८७० मध्ये दहा लाख डॉलर भांडवलाची स्टँडर्ड ऑइल कंपनी, रेल्वेकडून गुपचूप मिळवलेली भाड्यातील सूट, प्रतिस्पर्ध्यांना विकत घेणे किंवा बुडवणे. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील तेलशुद्धीचा सुमारे नव्वद टक्के व्यवसाय त्याच्या मुठीत होता. १९११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही मक्तेदारी मोडून तिच्या चौतीस कंपन्या झाल्या.

पण पन्नाशी ओलांडता ओलांडता शरीर कुरकुरू लागले होते. पोट बिघडले, झोप उडाली. केस आधीपासूनच गळत होते, आणि १९०१ साली तर अवघ्या काही महिन्यांत डोके, मिशा, भुवया, अंगावरची लव, सारे गेले. डॉक्टरांनी फॉस्फरस आणि गंधक देऊन पाहिले, उपयोग शून्य. ओळखीच्या माणसांनाही त्याची ओळख पटेना. प्रथम त्याने काळी टोपी वापरली आणि मग टोप. टोपही एक नव्हे, कमीअधिक लांबीचे अनेक. ते पाळीपाळीने घालायचे, म्हणजे केस वाढले आणि कापले असे लोकांना वाटावे! ज्याने सारा बाजार फसवला असे लोक म्हणत, त्याला ही एवढीशी लबाडी करावी लागली, याची मला दया येते. १९०५ मध्ये आयडा टार्बेल या पत्रकार बाईने त्याचे व्यक्तिचित्र लिहिताना त्या केशहीन चेहऱ्यावरच त्याच्या काळ्या मनाची खूण वाचली. तिच्या वडिलांचा तेलाचा धंदा स्टँडर्ड ऑइलमुळे खालावला होता, त्यामुळे तिचा राग समजू शकतो. पण तिने रोगालाच पाप ठरवले, आणि तिथे तिचे चुकले असे मला वाटते.

काळजीने केस गेले, असे तेव्हाही म्हटले जाई. तापानंतर, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस विरळ होतात हे खरे. पण ते बहुधा परत येतात. चाईची गोष्ट वेगळी. शरीराची संरक्षक व्यवस्थाच केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडते. हा रोग संसर्गजन्य नाही. मूळ मरत नाही, म्हणून केस पुन्हा उगवण्याची आशा राहते. मात्र सर्वांगाचे केस गेले तर ती फार कमी असते. कधी कारण बाहेरचेही असते. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात गावेच्या गावे तीन-चार दिवसांत टकली होऊ लागली. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, तर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. म्हणून आधी तपासणी, मग तेल.

केस गेले त्याच १९०१ साली रॉकफेलरने न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय संशोधन संस्था काढली. त्या जानेवारीत त्याचा लहानगा नातू स्कार्लेट तापाने गेला होता. गंमत अशी की, भोंदू वैद्याचा हा मुलगा स्वतःसाठी शेवटपर्यंत होमिओपॅथीच पसंत करी आणि पैसा मात्र प्रयोगशाळांना देई. १९१३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच प्रतिष्ठानाच्या साह्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे, की शिमोग्याच्या जंगलातील माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये याच केंद्राने शोधला.

२३ मे १९३७ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, फ्लोरिडात रॉकफेलर वारला. डोक्यावर केस परत आले नाहीत. सर्वांगाची चाई झालेल्यांसाठी मंजुरी मिळालेले पहिले पोटात घ्यायचे औषध अमेरिकेत २०२२ साली आले, त्याच्या मृत्यूनंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

मावसभावाच्या तीन चट्ट्यांपैकी दोनांवर आता बारीक पांढरी लव उगवली आहे. तो कॉलेजला जातो. टोपी अजून सोडलेली नाही.