जुन्या रेडिओचा काटा ४२.३४ मीटरवर न्या, १९४२ साली तिथं उषा मेहतांचं स्टेशन लागायचं

नांदेड काय अन् लातूर काय, जुन्या घरात माळा आवरायला काढला की एखादा लाकडी पेटीचा रेडिओ हाती लागतोच. मर्फी, फिलिप्स, बुश, असलंच काहीतरी नाव. चार लोक म्हणतात भंगारात द्या, एखादा हौशी माणूस मात्र तो उचलून घरी नेतो. सुकलेले कंडेन्सर बदलतो, वायर नवीन टाकतो, गच्चीवर एरिअल ताणतो आणि खटका दाबून वाट बघत बसतो. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. मग आधी खरखर येते, तिच्यामागून शिट्टी, आणि नशीब असेल तर कुणाचा तरी आवाज.

या रेडिओच्या काचेवर शॉर्टवेव्हची पट्टी असते. तिच्यावर १९, २५, ३१, ४१, ४९ असे आकडे. हे मीटर, म्हणजे त्या लहरीची लांबी. ४१ आणि ४९ च्या मध्ये बरीचशी रिकामी जागा दिसते. काटा ४१ च्या अगदी थोडा पुढं सरकवला की येतं ४२.३४.

१९४२ मध्ये बरोबर याच जागेवर एक स्टेशन लागायचं. ते चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुंबई पोलिसांनी जंग जंग पछाडलं होतं, आणि त्याच्या मागं होती २२ वर्षांची एक मुलगी. उषा मेहता.

नाव आज बऱ्याच जणांना माहीत आहे. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमाही येऊन गेला. पण सिनेमात रेडिओ नुसता पाठीमागं वाजतो. खऱ्या गोष्टीत तोच हिरो आहे.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावातला. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात स्वातंत्र्यलढ्याचं वारं शिरणं तसं अवघडच. पण लहानपणीच अहमदाबादला गांधीजी बघायला मिळाले, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशन आलं तेव्हा आठ वर्षांची उषा निषेधाच्या फेरीत चालत होती. एका फेरीत पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि झेंडा धरलेली एक मुलगी पडली. झेंडा पडला याचं पोरांना फार लागलं. त्यावर एक उत्तर निघालं. झेंड्याच्या रंगाचे कपडेच शिवून घेतले आणि ते घालून फेरी काढली. आता पाडायचं काय? पोरगी पडली तरी झेंडा अंगावरच.

१९३० मध्ये वडील निवृत्त झाले आणि घरातली अडचण संपली. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी झाली, मग कायद्याचं शिक्षण सुरू झालं. तेवढ्यात उजाडलं १९४२.

८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला आणि दिवस उजाडायच्या आत गांधीजींसह सगळे मोठे नेते तुरुंगात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच. देशात कुठं काय चाललंय हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेना. अशा वेळी लोकांपर्यंत पोचायचं कसं, यावर उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी उत्तर काढलं, आपलं स्वतःचं रेडिओ स्टेशन.

बोलायला सोपं आहे. त्या काळात नुसता रेडिओ ऐकायचा तरी लायसन लागायचं. १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय सेट ठेवणंसुद्धा गुन्हा होता, मग प्रक्षेपण तर सोडाच. आणि उषाबेन तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनी. ट्रान्समीटर बनवणार कोण?

इथं येतात हौशी लोक.

मुंबईत तेव्हा हॅम रेडिओवाल्यांची एक छोटी दुनिया होती. स्वतःच्या हाताने सेट जोडायचे, रात्री जागून दूरदेशीच्या दुसऱ्या हौशाशी बोलायचं, हा त्यांचा नाद. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं तसे सरकारने त्यांचे परवाने रद्द केले आणि ट्रान्समीटर जमा करायला सांगितले. पण यंत्र जमा झालं तरी डोक्यातली विद्या कशी जमा होणार? त्यातल्याच नरिमन प्रिंटर यांनी काँग्रेस रेडिओचा ट्रान्समीटर उभा केला. लागणारं सामान आणि माणसं यासाठी मदत झाली शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींची. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर लागायचे ते त्यांच्याच कंपनीचे. सोबत होते विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. भूमिगत नेत्यांपैकी राममनोहर लोहिया आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन यांचा या स्टेशनवर हात होता.

ऑगस्टच्या अखेरीस स्टेशन सुरू झालं. लहर ४२.३४ मीटर, जागा भारतात कुठंतरी, एवढीच ओळख द्यायची आणि हिंदी-इंग्रजीतून बातम्या सुरू.

आता ४२.३४ म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतलं तर यातली गंमत कळते. मीटरचा मेगाहर्ट्झ करायचा तर ३०० ला त्या आकड्याने भागायचं. उत्तर येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. जगभरातल्या हॅम लोकांचा ४० मीटरचा पट्टा ७ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. म्हणजे हे स्टेशन उभं राहिलं तेच हौशांच्या अंगणात. हॅमच्या हाताला सवय असलेल्या लहरीवर.

शॉर्टवेव्हचा स्वभावही या कामाला फार सोयीचा. मीडियम वेव्ह जमिनीला धरून चालते आणि लांब गेली की दमते. शॉर्टवेव्ह वर जाते, आभाळातल्या आयनांच्या थरावर आपटते आणि शेकडो किलोमीटर पलीकडं खाली उतरते. रात्री तर आणखी दूर. मुंबईहून लातूर सरळ रेषेत चारशेच्या आसपास किलोमीटर, नांदेड पावणेपाचशे. या लहरीला हे अंतर म्हणजे एक टप्पा. तेव्हा नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते, लातूर तर साधं तालुक्याचं गाव. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. पेपर हद्दीवर अडवता येतो, माणूस अडवता येतो. लहर अडवायची तर तिच्यावर गोंगाट सोडावा लागतो आणि सरकारने तोही सोडून पाहिला.

स्टेशनवर काय असायचं? जे दुसरीकडं छापून येत नव्हतं ते. चितगाववर पडलेले बॉम्ब, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, आणि विदर्भातल्या आष्टी-चिमूरला काय झालं ते. आष्टी-चिमूरला १६ ऑगस्टला लोक उठले आणि नंतर तिथं जे अत्याचार झाले त्यांची बातमी बाहेर जाऊ नये याची सरकारने पुरेपूर काळजी घेतली होती. ती या छोट्या ट्रान्समीटरवरून गेली.

ट्रान्समीटर बोलत असतो तेवढा वेळ त्याची जागाही सांगत असतो, ही यातली मेख. दिशा दाखवणारा एरिअल लावलेली गाडी घेऊन फिरलं की आवाज कुठून येतोय ते कळतं. म्हणून काही दिवसांनी बिऱ्हाड हलवायचं. चौपाटीजवळची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचं लक्ष्मी भवन, मग गिरगावातली पारेखवाडी. प्रत्येक वेळी नवीन भाड्याची खोली, पुन्हा एरिअलची वायर, पुन्हा सगळं जुळवणं. ज्यांनी घरी कधी एरिअल ताणला असेल त्यांना कळेल, शेजाऱ्यांना संशय येऊ न देता हे करणं काय चीज आहे.

१२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस आधी बाबूभाईंच्या कार्यालयात पोचले. म्हणजे धागा हाती लागला होता. उषाबेनना ते कळलंही. पळून जायला संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. त्या पारेखवाडीत गेल्या आणि रोजचा कार्यक्रम लावला. सोबत चंद्रकांत झवेरी. शेवटी वंदे मातरमची रेकॉर्ड वाजत असतानाच पोलीस दरवाजे तोडून आत आले. रेकॉर्ड बंद करायला सांगितलं, त्यांनी केली नाही.

पोलिसांना जागा कुणी दाखवली? ज्याने ट्रान्समीटर बनवला त्यानेच. प्रिंटर पकडले गेले आणि माफीचे साक्षीदार झाले. याच माणसाने १९४० मध्येही बेकायदा स्टेशन चालवायचं धाडस केलं होतं. त्यामुळं त्यांना नुसतं गद्दार म्हणून मोकळं होता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. त्यांच्याशिवाय स्टेशन सुरू झालं नसतं, आणि बंद पडलं तेही त्यांच्यामुळंच.

पुढचे सहा महिने चौकशी. एकटीला कोठडीत ठेवलं. साथीदारांची नावं सांगितली तर परदेशात शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवून झालं. उषाबेन बोलल्या नाहीत. खटला उभा राहिला तेव्हा प्रश्नांची उत्तरं द्यायचं बंधन आहे का, एवढं त्यांनी न्यायाधीशांकडून समजून घेतलं. बंधन नाही म्हटल्यावर स्वतःला वाचवण्यासाठीही तोंड उघडलं नाही. कायद्याचा अभ्यास अर्धवट सुटला होता, पण कामाला आला म्हणायचा.

बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले.

येरवड्याच्या तुरुंगात तब्येत खालावली. मुंबईला जे. जे. हॉस्पिटलात आणलं, तिथंही पोलिसांचा चोवीस तास पहारा. १९४६ मध्ये मोरारजी देसाई गृहमंत्री असताना सुटका झाली. पण शरीर पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत झेंडा चढला तेव्हा लहानपणी झेंड्याच्या रंगाचा फ्रॉक घालून फिरलेली ही मुलगी अंथरुणावर होती. दिल्लीच्या समारंभाला जाणं झालं नाही.

राजकारणात त्या गेल्या नाहीत. गांधीजींच्या विचारांवर पीएचडी केली, विल्सन कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, १९८० मध्ये निवृत्त झाल्या. गांधीजी मुंबईत ज्या घरात उतरायचे त्या मणिभवनाचं काम बघत राहिल्या. त्यांच्याकडून शिकलेल्या कितीतरी मुलांना आपल्या मॅडमनी काय करून ठेवलंय याचा पत्ता नसेल.

त्यांच्या हयातीतच हौशांची ती विद्या मराठवाड्यात कामाला आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. फोन लागत नव्हते. तेव्हा हॅम लोक आपले सेट घेऊन लातूरला पोचले आणि मदतीचे निरोप पोचवू लागले.

आज माळ्यावरचा रेडिओ चालू करून काटा ४२.३४ वर नेला तर बातम्या लागणार नाहीत. पण जागा रिकामीही नाही. तिथं हॅम बोलतात. फक्त आताचे हॅम सिंगल साइडबँड वापरतात, त्यामुळं जुन्या साध्या सेटवर ते बदकासारखे क्वॅक क्वॅक ऐकू येतात. बीएफओची छोटी जोडणी केली की त्याचीच माणसं होतात. १९४२ चा आवाज साध्या एएमवर होता. आजोबांच्या सेटवर तो थेट, स्वच्छ लागला असता.

१९९८ मध्ये उषाबेनना पद्मविभूषण मिळालं. दरवर्षी ऑगस्टात क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला त्या जायच्या. २००० मध्येही गेल्या, अंगात ताप होता तरी. दमून घरी आल्या आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला गेल्या. वय होतं ८०.