कबुली ऐकणारा माणूस

इंद्रावती नदी बस्तरमध्ये चित्रकोटला धबधबा होऊन कोसळते, जंगलातून वाट काढत भामरागडपाशी पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांना पोटात घेते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. अलीकडचा माडिया गडचिरोलीचा आणि पलीकडचा बस्तरचा, ही सरकारदरबारची वाटणी. माडियांच्या सोयरिकी तिला फारशा जुमानत नाहीत. या नदीच्या खोऱ्यात १९४० नंतरची काही वर्षे एक इंग्रज गृहस्थ हिंडत होते. त्यांच्या अनेक उद्योगांपैकी एक अगदी वेगळा होता. खून केलेल्या माणसांच्या हकिगती ते जमवत होते. या गृहस्थांचे नाव व्हेरिअर एल्विन.

एल्विन म्हटले की आपल्याला गोटुल आठवते, आदिवासींची गाणी आठवतात. १९४३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे माडियांच्या खुनांवरचे आणि आत्महत्यांवरचे पुस्तक मात्र सहसा कोणी काढत नाही. मला ते त्यांच्या सगळ्या पुस्तकांत अधिक अस्वस्थ करणारे वाटते. आज मानसोपचाराच्या आणि न्यायालयाच्या जगात जो पेच रोज पडतो, तो या माणसाच्या आयुष्यात निरनिराळी रूपे घेऊन आला होता.

पेच असा. मनाचा डॉक्टर उपचार करतो तेव्हा तो रुग्णाचा असतो. रुग्णावर विश्वास ठेवणे हेच त्याचे पहिले औषध. तोच डॉक्टर न्यायालयासाठी आरोपीची तपासणी करतो तेव्हा तो न्यायालयाचा होतो आणि समोरचा सांगेल त्यावर शंका घेणे हे त्याचे काम ठरते. दोन्ही कामे एकाच माणसाकडे, एकाच रुग्णाबाबत आली की कोणाचे तरी नुकसान ठरलेलेच. आम्ही बँकेत कर्ज मंजूर करणारा हात आणि त्याची तपासणी करणारा हात वेगळा ठेवत असू, तो काही उगीच नव्हे. पण दुर्गम भागात दोन हात आणायचे कुठून? कुऱ्हाडीचा घाव शिवणारा आणि त्याच घावाचा दाखला पोलिसांना लिहून देणारा वैद्यकीय अधिकारी तिथे एकच असतो. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना कायद्याचे जे संरक्षण आहे, ते डॉक्टरला सांगितलेल्या गोष्टींना नाही. त्याला व्यवसायाची नीती बांधते, पण न्यायालयाने विचारले तर बोलावे लागते.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील बिशप होते, ते लवकर गेले. ऑक्सफर्डला शिकून एल्विन यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि १९२७ मध्ये ते थेट आपल्या पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. धर्मोपदेशकाला एक बंधन असते. कोणी पापाची कबुली दिली तर ती बाहेर फोडायची नाही, राजाने विचारले तरी नाही. हे बंधन अंगावर घेऊन आलेला हा तरुण लवकरच गांधीजींच्या प्रभावाखाली आला, खादी घालू लागला आणि सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला.

१९३२ साली ते गोंडांमध्ये काम करण्यासाठी मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला निघाले. सोबत होते श्यामराव हिवाळे. आपल्या मराठी वाचकांना या श्यामरावांचे नाव ठाऊक नसावे, हे मला नेहमी खटकते. एल्विन गावोगाव हिंडत असताना संस्थेचा गाडा ओढला तो त्यांनी. करंजियाला जाण्याआधीच नागपूरच्या बिशपने एल्विन यांची अडवणूक केली. हे बिशप अ‍ॅलेक्स वुड आपल्या चांद्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये वर्षानुवर्षे राबलेले. इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्या, मग परवाना देतो, असा त्यांचा आग्रह. एल्विन यांनी शपथ घेतली नाही. त्याच वर्षी मात्र इंग्लंडहून परत येण्यासाठी राजकारणात भाग न घेण्याची अट त्यांना सरकारला मान्य करून द्यावी लागली. बिशपपुढे मोडला नाही तो माणूस गोंडांपाशी परतण्यासाठी वाकला. दोन धन्यांची चाकरी तेव्हाच सुरू झाली म्हणायची.

करंजियात शाळा निघाली, दवाखाना निघाला, पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले. धर्मोपदेशक गेला, औषध देणारा उरला. औषध देणाऱ्याजवळ माणसे काय काय बोलतात हे कोणत्याही कंपाउंडरला विचारावे. त्या बोलण्यातूनच एल्विन अभ्यासक होत गेले आणि १९३९ मध्ये बैगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ बाहेर पडला.

मग बस्तर. रानगव्याच्या शिंगांचा मुकुट घालून नाचणाऱ्या दंडामी माडियांमध्ये खुनांचे प्रमाण आसपासच्या जमातींपेक्षा बरेच जास्त होते. एल्विन यांनी खुनाची शंभर आणि आत्महत्येची पन्नास प्रकरणे अभ्यासाला घेतली. कागद न्यायालयाचे होते, पण ते नुसत्या कागदांवर थांबले नाहीत, माणसांपर्यंत गेले. त्यांना काय दिसले? दारू दिसली, जादूटोण्याचा संशय दिसला, बायकोवरचा संशय आणि जमिनीची भांडणे दिसली. आणि एक कारण असे की, ते वाचून आपण थबकतो. थकवा. दिवसभर राबून आलेला, उपाशी माणूस. घरी जेवण तयार नाही. दोन शब्द वाढतात आणि हातात शस्त्र येते. कायदा विचारतो एवढेच की कृत्य करताना मनाच्या विकारामुळे त्याला आपण काय करतो आहोत ते कळत नव्हते का. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८४ हेच विचारत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ हेच विचारते. थकलेल्या, भुकेल्या नवऱ्याला त्यात जागा नाही. तो वेडा नव्हता. एल्विन यांनी त्याला निर्दोष ठरवले नाही, पण त्याचा तो दिवस सगळा लिहून ठेवला.

त्यांना हे करता आले, कारण निकाल लागून गेल्यावर ते आले होते. त्यांच्या लिहिण्याने कोणाची फाशी टळणार नव्हती की कोणाची शिक्षा वाढणार नव्हती. त्यामुळे त्यांना विश्वास ठेवणे परवडले. माझ्या मते इतके स्वच्छ आसन त्यांना आयुष्यात एवढ्याच एका कामात मिळाले. तेही पुरते स्वच्छ नव्हतेच. समोर बसलेल्या माडियाला हा गोरा माणूस कोण, सरकारचा की आपला, हे कितपत उमगले असेल? बस्तर संस्थानाने त्यांना मानवशास्त्रज्ञ म्हणून नेमले होते. त्या माणसांचे दुःख पुस्तकाची प्रकरणे बनले, आणि ते पुस्तक वाचणे त्यांच्यापैकी बहुतेकांना शक्य नव्हते.

न्यायालयासाठी मन तपासणाऱ्याने आधीच सांगावे, की तू मला सांगशील ते गुप्त राहणार नाही, हा आज या व्यवसायाचा सर्वमान्य नियम आहे. महाराष्ट्र सरकारची नक्षलवाद्यांसाठीची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे. शरण आलेल्या एखाद्या तरुणापुढे समुपदेशक बसला, तर तो त्याची झोप परत मिळवून द्यायला बसला आहे की जंगलातली माहिती काढायला, हे त्या तरुणाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले पाहिजे. माडियात सांगितले पाहिजे, मराठीत नव्हे.

एल्विन पुढे सरकारचेच झाले. १९५४ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून ते रुजू झाले. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला.

त्या आत्मचरित्रात एक रिकामी जागा आहे. १९४० मध्ये त्यांनी कोसी या गोंड मुलीशी लग्न केले होते. बस्तरच्या मुक्कामात ती त्यांच्याबरोबर होती. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. शंभर घरांतली भांडणे ज्यांनी चुलीपर्यंत जाऊन लिहिली, त्यांनी आपल्या घरातल्या या गोष्टीवर जेमतेम काही ओळी खर्चून दार लावून घेतले. कोसी त्यांच्या पश्चात अनेक वर्षे डिंडोरीकडच्या रायतवार गावात राहिली.