लायसन्स नंबर एक आणि बोलकं झालेलं आकाश

तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर तुम्हाला पाठ आहे? नसणारच. एमएच २० पासून सुरू होतो आणि पुढे आकड्यांची अख्खी मालगाडी. नगर नाक्यावर पोलिसांनी अडवलं, तरच आपण तो नीट बघतो. आता असं लायसन्स डोळ्यांसमोर आणा, ज्याचा नंबर फक्त १ आहे. आणि तेही बाईकचं नाही, विमानाचं!

ते होतं जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचं. म्हणजे आपण ज्यांना जेआरडी म्हणून ओळखतो, त्यांचं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना ते मिळालं, तेव्हा ते होते २४ वर्षांचे. तुमच्यातल्या एखाद्या पोस्ट ग्रॅज्युएटच्या वयाचे. उद्योगपती जेआरडी सगळ्यांना माहीत आहेत. पण हौशी वैमानिक जेआरडींची गोष्ट वाचली, की एक गंमत लक्षात येते. त्यांनी उडायला सुरुवात केली, तेव्हा आकाशात बोलायला कुणीच नव्हतं. आणि त्यांच्या हयातीतच अशी वेळ आली, की विमानतळाजवळच्या आकाशात न बोलता शिरायचीच सोय उरली नाही.

समुद्रकिनाऱ्यावर उतरलेलं विमान

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील पारशी, आई फ्रेंच. सुट्ट्यांमध्ये हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलो गावी समुद्रकिनारी राहायला जायचं. शेजार कुणाचा होता माहितीये? लुई ब्लेरियो यांचा. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस! ब्लेरियोंचा वैमानिक तिथल्या वाळूत विमान उतरवायचा आणि छोटा जेआरडी डोळे विस्फारून बघत बसायचा. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक चक्कर मारायला मिळाली आणि त्याचं ठरलं, की आपण पायलट व्हायचं.

पण लगेच काही झालं नाही. एक वर्ष फ्रेंच सैन्यात गेलं. १९२५ मध्ये ते टाटा समूहात बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला, तेव्हा कुठे संधी मिळाली आणि त्यांनी ती सोडली नाही.

पुढे आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्याने विमान चालवत जाणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. जेआरडी कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा १७ वर्षांचा मुलगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले, तर तिथे अस्पी अडकून पडलेला. त्याला स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. शर्यत अस्पीने जिंकली, जेआरडी थोडक्यात हरले. हाच अस्पी पुढे भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

यात एक गोष्ट नजरेतून निसटते. प्रतिस्पर्धी कुठवर आलाय, हे दोघांनाही आधी कळायची काही सोय नव्हती. खाली उतरायचं आणि डोळ्यांनी बघायचं, एवढंच.

ऐकणारं कुणीच नव्हतं

१५ ऑक्टोबर १९३२. पहाटेच्या उजेडात कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडींचं पस मॉथ उडालं. एका इंजिनाचं, जेमतेम दोन-तीन माणसांचं विमान. आत २५ किलो टपाल. अहमदाबादला थांबा, तिथे बैलगाडीवरून आलेले पेट्रोलचे डबे टाकीत रिकामे केले आणि दुपारी दोनच्या आत विमान मुंबईच्या जुहूला उतरलं. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. टाटांची नियमित हवाई टपाल सेवा सुरू झाली ती अशी. तिचीच पुढे एअर इंडिया झाली.

त्या विमानात रेडिओ नव्हता. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि स्वतःचे डोळे. खाली रेल्वेचे रूळ दिसले की रस्ता बरोबर, नदी दिसली की गाव जवळ आलं. वारा कुठून वाहतोय, हे धावपट्टीजवळच्या कापडी पिशवीकडे बघून ओळखायचं. धावपट्टी कसली, जुहूला पावसाळ्यात नुसता चिखल, म्हणून चार महिने मुक्काम पुण्याला. हे धाडस होतंच, पण ते शक्य होतं याचं एक साधं कारण होतं: आकाश रिकामं होतं. समोरून दुसरं विमान येण्याची शक्यता नसल्यातच जमा. वाट कुणाला विचारायची आणि कुणाला द्यायची?

मग गर्दी झाली

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र झपाट्याने पालटलं. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. त्या काळच्या लांब पल्ल्याच्या विमानांत रेडिओ सांभाळायला वेगळा माणूस असायचा, इतकं ते काम मोठं झालं होतं. १९४४ च्या शिकागो करारातून जगभरासाठी समान नियम आले. मोठ्या विमानतळांभोवतीचं आकाश नियंत्रित झालं. म्हणजे काय? तर तिथे एक न दिसणारी हद्द आखली गेली. तिच्या आत शिरायचं, तर एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाशी रेडिओवर बोलून परवानगी घ्यायची. तुम्ही जम्बो जेट घेऊन या नाहीतर दोन सीटचं खेळण्याएवढं विमान घेऊन या, विचारल्याशिवाय आत यायचं नाही.

छावणीतून मान वर करून चिकलठाण्याला उतरणारं विमान बघता ना, ते अशाच आकाशातून येत असतं. वर मोकळं निळं वाटतं, पण त्यातली उंची आणि वळण दोन्ही ठरवून दिलेलं असतं.

आता गुरुवारचा छावणीचा बाजार आठवा. भाजीवाला ओरडतोय, पलीकडे जनावरांचा सौदा चाललाय, गिऱ्हाईक भावासाठी हुज्जत घालतंय. सगळे एकाच वेळी बोलतात, तरी व्यवहार होतात. एटीसीच्या फ्रिक्वेन्सीवर हे चालत नाही. तिथे सगळ्या विमानांसाठी एकच वाट असते आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर कानात नुसती शिट्टी, दोघांचंही बोलणं वाया. म्हणून आधी ऐकायचं, कुणी बोलत नाही याची खात्री करायची आणि मगच बटण दाबायचं.

बोलायचा क्रमही ठरलेला. आधी कुणाला हाक मारतोय, मग मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि मला काय हवंय. आपण फोनवर नाव सांगताना प पुण्याचा म्हणतो, तशी इथे अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी जगभर एकच बाराखडी. आकडे सुटे सुटे उच्चारायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रीडबॅक. नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी सांगितली, की पायलटने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. नुसतं रॉजर म्हटलं तर तुम्ही ऐकलं एवढंच कळतं. काय ऐकलं, ते कळत नाही.

हे सगळं वेळखाऊ वाटतं? मग दोन तारखा लक्षात ठेवा. २७ मार्च १९७७, तेनेरीफ बेट. दाट धुकं. उड्डाणाची परवानगी मिळाली, अशा समजुतीत एक जम्बो जेट धावपट्टीवर सुसाट निघालं आणि समोरच्या दुसऱ्या जम्बोवर आदळलं. त्याच सुमाराला रेडिओवर दोघे एकदम बोलले होते आणि नेमका इशारा त्या शिट्टीत बुडाला. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा नियम आला.

दुसरी तारीख आपल्याकडची. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीला उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. समोरून सौदी विमान १४,००० फुटांवर येत होतं. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली घसरलं आणि दोन्ही विमानं हवेत धडकली. ३४९ जणांचा जीव गेला. एटीसीशी बोलणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा, त्यात इंग्रजीची अडचण. शब्द कानापर्यंत आले होते, हातापर्यंत पोहोचले नव्हते. त्यानंतर भारतात प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

७८ व्या वर्षी पुन्हा तीच वाट

जेआरडींकडे परत येऊ. १९५३ मध्ये एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ते अध्यक्ष राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केलं. दुसरा एखादा असता, तर आकाशाकडे पाठ फिरवून बसला असता. हे गृहस्थ १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली म्हणून, लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान घेऊन पुन्हा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. एकटे. वय ७८! तरुणांमध्ये धाडसाची ऊर्मी जागी व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे तो कार्यक्रम खरं तर तुमच्या-माझ्या वयाच्या मुलांसाठीच होता.

मार्ग तोच, पण आकाश तेच राहिलं नव्हतं. १९३२ मध्ये तिन्ही शहरं एकाच देशात होती. आता निघायचं एका देशातून, उतरायचं दुसऱ्या देशात. तिन्ही ठिकाणी कंट्रोल टॉवर. ज्या जुहूला ते पन्नास वर्षांपूर्वी चिखल टाळत उतरले होते, ते आता सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाच्या अगदी कुशीत आलेलं. आजही जुहूहून उडणाऱ्या छोट्या विमानाला आणि हेलिकॉप्टरला मोठ्या विमानतळाच्या वाहतुकीशी जुळवून घ्यावं लागतं.

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

मग उडण्यातली मोकळीक संपली का? मला तसं वाटत नाही. नियंत्रक सांगतो, पण विमानाच्या सुरक्षिततेचा शेवटचा निर्णय आजही पायलटचाच असतो. सूचना धोक्याची वाटली, तर मला जमणार नाही असं स्पष्ट सांगायची त्याला मुभा आहे. नीट ऐकू आलं नाही, तर पुन्हा सांगा म्हणायला लाज नाही. उलट न समजता हो म्हणणं हाच तिथला मोठा गुन्हा. वर्गात न कळता मान डोलावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा लागतं, नाही का?

आज तुम्हाला हौस म्हणून पायलट व्हायचं असेल, तर प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी वय किमान १७, शिक्षण दहावी पास आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा आहेतच. खर्च मोठा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. शिवाय रेडिओवर बोलण्याचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. अनेक जण उडायला घाबरत नाहीत, पण बटण दाबून बोलायची वेळ आली की त्यांना घाम फुटतो. त्या परीक्षेत फाडफाड इंग्रजी लागत नाही. लागतं ते मोजकं, ठरलेलं आणि स्वच्छ बोलणं. ती तयारी मात्र आजपासून फुकटात करता येते. मित्राने पत्ता सांगितला, की नुसतं ओके म्हणू नका. तोच पत्ता त्याला परत म्हणून दाखवा.